हवा काढलेली रजई

३ जून, लातूर

पिशव्या आल्या. पोराने, सत्यमने, कॅनडात बसून इथल्या पत्त्यावर मागवून दिल्या. सोबत सायकलच्या पंपासारखा एक हातपंप आहे, पण हा हवा भरत नाही, ओढतो. पिशवीत कपडे घालायचे, तोंडाची पट्टी दाबून बंद करायची, बुचावर पंप लावायचा आणि ओढत राहायचं. फुगलेला ढीग बघता बघता खाली बसतो आणि पापडासारखा चपटा होतो. मी जाम खूश झालो. माझा जन्म मार्केट यार्डाच्या गोदामात गेला, तुरीच्या आणि सोयाबीनच्या थप्प्या लावण्यात. जागा कशी वाचवायची हे मला कुणी शिकवू नये. पण अशी युक्ती आमच्या वेळी असती तर निम्मी गोदामं लागली नसती.

"तुरीतली हवा कशी काढनार व्हता तुमी?" माझी बायको तारामती म्हणाली. तिला विज्ञान कळत नाही.

फायदे इथेच लिहून ठेवतो. जागा वाचते. पाणी, कसर, कुबट वास, काही आत शिरत नाही. आणि एकदा बंद केलं की उगाच कुणी हात घालत नाही. तोटा सध्या तरी एकही दिसत नाही. वजन तेवढंच राहतं म्हणतात, पण वजन कुणाला दिसतं?

संध्याकाळी मकबूल नवी रजई घेऊन आला. गोलाईच्या बाजारामागच्या बोळातला पिंजारी. त्याच्या बापापासून आमच्या गाद्या तेच भरतात. तारामतीच्या जुन्या हिरव्या इरकली साडीचा लाल काठ त्याने रजईला चारी बाजूंनी लावलाय. एका कोपऱ्यात काठ कमी पडला, तिथे पिवळा तुकडा जोडला. तेवढं सोडलं तर काम झकास. मी त्याच्यासमोरच रजई पिशवीत घातली आणि पंप मारायला बसलो. त्याचा चेहरा पडला.

"साहेब, मी दिसभर कापसात हवा भरून राहिलो अन् तुमी ती काढून राहिले?"

"विमानात जागा लागते, मकबूल."

"मंग एक ध्यानात ठिवा. तिकडं गेल्याबरोबर खोला. दोन-तीन दिस ऊन दाखवा, हलक्या हातानं काठी मारा. कापूस परत उठंल. पर जास्त दिस दाबून ठिवू नका, दाबलेला कापूस मरतो."

मी म्हटलं, पंधरा दिवसांत आम्ही दोघं रजईसकट सत्यमकडे कॅनडात असू.

घर परवाच भाड्याने ठरवलं, किल्ली पंधरा तारखेला द्यायची. आमच्या गल्लीत आता घरं उरलीच नाहीत, डॉक्टरकीच्या नीट परीक्षेच्या ट्यूशनला येणाऱ्या पोरींची होस्टेलं झालीत. होस्टेलवाल्या बाईंनी अकरा महिन्यांचा करार केला. जूनमध्ये दिलं तर दिलं, नंतर वर्षभर कुणी विचारत नाही. म्हणून व्हिसा यायच्या आधीच सही केली. सत्यम म्हणाला, "होईल बाबा, फॉर्म भरतोच आहे." पोराच्या शब्दावर एवढंही करू नये तर काय करावं?

९ जून

यार्डात आमचा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, हार. निवृत्तीच्या वेळी झाला होता त्यापेक्षा मोठा. ज्ञानोबाने भाषण केलं. हा माझा गोदामातला जुना जोडीदार, बोलायला उभा राहिला की खाली बसत नाही. "शेषेराव सायेब शिरूर अनंतपाळहून निघाले ते आता थेट कॅनडाला चालले," असं म्हणून त्याने सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मला भरून आलं. अकरा महिन्यांसाठीच चाललोय, हे सांगायचं राहूनच गेलं.

घरी येऊन उरलेलं सामान बंद केलं. पिशव्यांना वरून बारदान शिवलं, सुतळी आणि दाभण घेऊन. प्लॅस्टिकला टोकदार काही लागलं की हवा शिरते, म्हणून हे कवच. शिवाय माझे टाके मला ओळखू येतात. लांब, तिरके, गोदामी टाके. कुणी उसवलं तर मला लगेच कळेल.

१५ जून, नांदेड

पुनमकडे आलो. आमची लेक इथे तरोड्याला राहते. घरात ती, जावई अमरनाथ आणि त्याची आई सिंधुताई. आठ दिवसांचा प्रश्न आहे. हैदराबादहून विमान पकडायचं, तर लातूरपेक्षा नांदेड बरं पडतं.

लेकीच्या घरी राहायचं म्हणजे मला पहिल्यापासून अवघड जातं. आमच्या वडिलांनी तर आत्याच्या घरी कधी पाणी घेतलं नाही. उन्हातान्हात जायचे आणि तांब्याला हात न लावता परत यायचे. मी तेवढा जुना नाही, पण घासाला संकोच होतोच. तारामतीला मी सांगून ठेवलं, आठ दिवस आपण पाहुण्यासारखं राहायचं, कशाला नाव ठेवायचं नाही, काही मागायचं नाही. चहासुद्धा.

२ जुलै

सत्यम म्हणतो, तिकडचं व्हिसाचं ऑफिस ढिलं आहे. परदेशात सगळं पटापट होतं अशी माझी समजूत होती.

आम्हाला दिलेली खोली लहान आहे. निम्मी जागा बारदानांनी घेतली आहे. मी त्यांची भिंतीला लागून थप्पी लावली, तरी रात्री पाय लांब केला की रजईच्या पिशवीला लागतो. बाहेर ठेवलेले दोन सदरे मी आलटून पालटून घालतो. बाकी सगळं आत चपटं होऊन बसलं आहे. हा पहिला तोटा. आपल्याला नेमकं जे हवं असतं ते पिशवीत असतं.

सकाळी बाजारातून भाजी आणतो, म्हणजे बसून खातो असं कुणाला वाटू नये. आज सिंधुताईंनी पिशवी हातात घेतली आणि म्हणाल्या, "ईवाई, आमच्या घरी भाजी पिकत न्हाई का?" इकडे व्याह्यांना ईवाई म्हणतात. मी हसून वेळ मारून नेली. पण मनाला लागलं. आणली तरी चूक, न आणली तरी चूक.

२१ जुलै

ज्ञानोबाचा मेसेज आला. "पोहोचले का सायेब? तिकडे थंडी किती?"

मी बराच वेळ फोन हातात धरून बसलो. मग मोबाइलमध्ये सत्यमच्या गावाचं, टोरंटोचं, हवामान काढलं आणि लिहिलं, "आज चोवीस. हवा छान आहे." यात एक अक्षर खोटं नाही. मी तिथे आहे असं मी कुठे म्हटलं?

त्याने लगेच हात जोडलेली चार चित्रं पाठवली, आणि यार्डाच्या ग्रुपवर टाकलं की सायेब सुखरूप पोहोचले.

११ ऑगस्ट

वजिराबादच्या बाजारात औषध आणायला गेलो होतो. समोरून आमच्या यार्डातला जुना हमाल येताना दिसला. मी एका साडीच्या दुकानात शिरलो. दुकानदाराने विचारलं, काय दाखवू? मी म्हटलं, दाखवा. त्याने गठ्ठाच्या गठ्ठा उलगडला. हमाल कोपऱ्यावर चहा पीत होता, तो जाईपर्यंत मी नारायणपेठ आणि पैठणीतला फरक ऐकून घेतला. या वयात ही पाळी यावी.

घरी येऊन तारामतीला सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, "लातूरला जाऊन येऊ का एकदा? जवळच मुरुडला माज्या भावाकडं उतरू." मी ओरडलो तिच्यावर. निरोप घेतलेला माणूस कुठल्या तोंडाने परत जातो? शाल परत करायची का?

११ सप्टेंबर

गौरी बसल्या. तारामतीची काठपदराची साडी पिशवीत आणि माझा नेहरू शर्टही. तिने पुनमची साडी नेसून गौरी पुजल्या. सिंधुताई म्हणाल्या, "काडा की वो एक पिशवी, सणाचं काय घालायचं माणसानं?" मी म्हटलं, एक उघडली की पुन्हा बंद करणं कटकटीचं, आणि बोलावणं आज-उद्या येईल.

खरं कारण मी इथे लिहितो, कारण ही वही कुणी वाचत नाही. एक पिशवी उघडली तर सगळ्या उघडाव्या लागतील. आणि सगळ्या उघडल्या म्हणजे आपण कुठेही चाललेलो नाही.

१३ ऑक्टोबर

काल दसरा झाला. आज संध्याकाळी सत्यमचा फोन आला, चेहरा दिसणारा. आपल्याकडे सात म्हणजे तिकडे सकाळचे साडेनऊ. आणि हा परवाही, कामाच्या दिवशी, याच वेळेला फोन करत होता. घरी बसून काम करतो म्हणे, मोठ्या हुद्द्यावर गेला असावा. जरा वाळलेला दिसला. घरात बसून अंगात जाकीट आणि डोक्याला टोपी. मी म्हटलं, तुमच्याकडे घरं तापवतात ना? तो म्हणाला, "बाबा, मी आताच बाहेरून आलो." मागे पूर्वीची खिडकी दिसली नाही, नुसती भिंत होती. नवीन घर घेतलं का विचारलं, तर म्हणाला, "तात्पुरतं आहे."

मग तारामतीने फोन घेतला आणि गच्चीवर गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा पदराने तोंड पुसत होती. गच्चीवर धूळ लई असते, असं म्हणाली.

६ नोव्हेंबर

दिवाळी झाली. ज्ञानोबाने तिकडच्या दिवाळीचा फोटो मागितला. मी पुनमच्या दारातल्या पणतीचा अगदी जवळून फोटो काढून पाठवला. पणती कुठलीही पणतीसारखीच दिसते.

एक विचित्र गोष्ट घडली आहे. रजईची पिशवी फुगली. बारदान ताठ झालंय, हात लावला की गुबगुबीत लागतं. म्हणजे कुठेतरी हवा शिरली. हा दुसरा तोटा, आणि मोठा. मी पिशवीवरच्या नंबरला फोन केला. पोरीने विचारलं, "सर, आपण प्रॉडक्ट किती वेळा उघडलंत?" मी म्हटलं, एकदाही नाही. ती म्हणाली, "न उघडता हवा आत जात नाही, सर." यांचं सगळं पाठ केलेलं असतं.

उसवून बघणार होतो. दाभण हातात घेतलं. तारामती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की शिवलेलं. उगं वाढीव काम." तेही खरंच. टाके तपासले, सगळे शाबूत आहेत. उलट नीट पाहिलं तर माझे टाके मला वाटले होते त्यापेक्षा बारीक आणि सरळ निघाले. हात अजून चांगला आहे म्हणायचा.

१२ डिसेंबर

यंदा नांदेडला थंडीने कहर केलाय. माझा मरून स्वेटर दुसऱ्या पिशवीत आहे. आज मी म्हटलं, आता मात्र काढतो. तारामती पिशवीवर जाऊन बसली. खरोखर बसली. "अमरनाथरावांचा घाला," म्हणाली. एरवी लेकीच्या घरचं काही घेऊ नका म्हणून मीच सांगतो आणि ही जावयाचा स्वेटर घाला म्हणते. अमरनाथने लगेच आणून दिला. "मामा, घाला की, मला दुसरा हाय." बाह्या लांब आहेत. दुमडून घातला.

रात्री सत्काराची शाल पांघरतो. तेवढीच एक उबदार वस्तू बाहेर राहिली होती.

कधी कधी वाटतं, मला आत घालून कुणीतरी बूच लावलंय. पाय पसरायला जागा नाही, बाहेर पडावं तर ओळखीचं माणूस भेटेल ही धास्ती, आणि चहा हवा असला तरी कुणीतरी विचारेपर्यंत थांबायचं. पुनम काही कमी करत नाही. कमी करत नाही म्हणूनच जास्त जड होतं.

२९ डिसेंबर

सिंधुताईंचा मुदखेडचा भाचा व्यंकटी कॅनडाला शिकायला चाललाय, तोही टोरंटोलाच. आज सामान बांधायला इथेच आला. आमच्याकडे पंप आहे म्हणून. किती दिवसांनी माझ्या ज्ञानाचा कुणाला उपयोग झाला! मी त्याला खाली बसवून सगळं समजावलं. हवा काढल्याने जागा वाचते, वजन नाही, म्हणून काट्यावर आधी घाल. तपासणीला उघडायला लावलं तर तिकडे पंप नसणार, म्हणून एक पिशवी अशीच ठेव. इस्त्रीचे कपडे यात घालू नकोस, चुरगळून चिंधी होतात. काळा मसाला दुहेरी बांध, नाहीतर सगळ्या कपड्यांना तोच वास. पोरगं मन लावून ऐकत होतं.

त्याच्याकडेही एक रजई निघाली, जुन्या चादरीत गुंडाळून टाचलेली. मी म्हटलं, चादर काढ, तेवढीच जागा वाचेल. तारामती मधेच बोलली, "नगा काढू. मळंल ती." सिंधुताईही म्हणाल्या, "हाव, ऱ्हाऊ द्या." दोघींचं एरवी भाजीच्या मिठावर एकमत होत नाही.

मग मी स्वतः पंप मारला. घाम निघाला, पण अशी चपटी केली की व्यंकटी बघतच राहिला. मकबूलचं वाक्य आठवलं म्हणून त्याला सांगितलं, पोचल्यावर लगेच खोल बाबा, दाबलेला कापूस मरतो. तारामती एकदम उठून आत गेली.

जाताना व्यंकटीने विचारलं, "काका, तुमचे व्हिसासाठी बोटांचे ठसे झाले का? माझे तर फॉर्म भरल्यावर लगेच घेतले होते, हैदराबादला." मी म्हटलं, आमचे व्हायचेत, म्हाताऱ्यांचे शेवटी घेत असतील. सिंधुताईंनी घाईघाईने त्याच्या हातावर दही-साखर ठेवली.

१४ जानेवारी

संक्रांत.

सत्यमचा फोन आला. तिळगूळ घ्या वगैरे झालं. तो अंथरुणावर बसला होता, गळ्यापर्यंत काहीतरी ओढून. बोलता बोलता खोकला आला म्हणून त्याने फोन खाली ठेवला, आणि सगळं तिरकं झालं, नुसतं पांघरूण दिसायला लागलं. लाल काठ. आणि कोपऱ्यात पिवळा तुकडा.

मी "आईशी बोल," म्हणून फोन तारामतीच्या हातात दिला, खोलीत गेलो, थप्पीतून रजईची पिशवी ओढली आणि दाभणाने टाके उसवले. बारीक, सरळ टाके. गोधडीचे. चाळीस वर्षं तिच्या हातचे टाके पांघरून झोपलो आणि मला ते माझे वाटले.

आत सिंधुताईंचे जुने पडदे होते. दुसरी पिशवी उसवली. मरून स्वेटर नव्हता, लोकरीची टोपी नव्हती, काळ्या मसाल्याचा डबा नव्हता. त्या जागी वर्तमानपत्रं.

तारामती दारात येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "किती दिवसांपासून?"

"दसऱ्यापासून मला ठाऊक हाय. त्याची नोकरी जूनच्या शेवटालाच गेली."

"आणि फॉर्म?"

"भरलेच न्हाईत. कोन्या तोंडानं भरनार? तळघरात ऱ्हातोय, तिघांत एक खोली. तिथं गरम व्हत न्हाई नीट."

"मला का नाही सांगितलं?"

ती खाली बसली, त्या पडद्यांवरच. "रोज राती तुमी ती सत्काराची शाल पांघरून झोपता. कसं सांगावं मानसानं?"

मला राग आला. भयंकर राग आला. घरात सगळ्यांना माहीत होतं. लेकीला, जावयाला, विहीणबाईंना. रजई कुणाकडे चाललीय एवढं तर त्या मुदखेडच्या पोरालाही. सगळ्यांच्या मधोमध बसून मी माझ्याच रजईची हवा काढत होतो आणि वर ज्ञान शिकवत होतो. मी तिला म्हटलं, मला येडं केलंत तुम्ही सगळ्यांनी मिळून. ती म्हणाली, "हाव, केलं." आणि रडायला लागली.

मग मी विचारलं, तो परत का येत नाही? इथे काय उपाशी मरणार आहे का?

तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. "तुमच्यामुळं. म्हनतो, बाबांचा एवडा सत्कार झाला, सगळ्या लातूरला वाटतंय ते कॅनडात हायेत. मी परत आलो तर बाबा कुटं तोंड लपवतील? ज्ञानोबा भाऊजींचे मेसेज तुमी त्याला वाचून दावता न्हवं हौसेनं?"

दाखवतो. दर फोनला दाखवतो. त्याला हसू येईल म्हणून.

मी जेवलो नाही. पुनमने दोनदा हाक मारली.

१६ जानेवारी

काल दिवसभर कुणाशी बोललो नाही. पुनम चहा ठेवून गेली, तो गार झाला. अमरनाथ दारात आला, "मामा" म्हणाला आणि तसाच उभा राहिला. लेकरू चांगलं आहे.

आज सकाळी उठलो आणि सगळ्या पिशव्या उसवल्या. एकूण एक. बुचं उघडली तसा आवाज झाला, आणि कपडे हळूहळू वर आले. सात महिने बंद होते. सगळ्यांवर आडव्या-उभ्या घड्या पडल्यात, काही इस्त्रीने जातील, काही जाणार नाहीत. गच्चीवर दोऱ्या बांधून सगळं वाळत टाकलं. तारामतीची काठपदराची साडी, माझे शर्ट, धोतरं, चादरी. सिंधुताई वर आल्या. मला वाटलं काहीतरी टोचून बोलतील. त्यांनी चिमट्यांची टोपली पुढे केली.

मी म्हटलं, "विहीणबाई, चहा मिळेल का?"

त्या जिन्यापर्यंत गेल्या आणि वळल्या. "सात महिने झाले ईवाई, आज पैल्यांदा तोंडानं मागितला." मग खाली जोरात ओरडल्या, "पुनम, आधन ठेव गं!"

चहा पिताना ज्ञानोबाचा मेसेज आला. नेहमीचाच. "सायेब, तिकडे थंडी किती?" मी टोरंटोचं हवामान काढलं नाही. लिहिलं, "मी नांदेडला आहे, पुनमकडे. जूनपासून इथेच आहे. कॅनडाला गेलोच नाही. सत्यमची नोकरी गेली. उद्या लातूरला येतोय, भेटू." पाठवायच्या बटणावर बोट ठेवलं आणि एकदा सगळं पुन्हा वाचलं. पाठवलं.

त्याने वाचलं होतं, ते दिसत होतं. मी गच्चीवर येरझाऱ्या घालत होतो. मग त्याचा फोनच आला. ज्ञानोबाला पहिल्यांदा शब्द सापडत नव्हते. शेवटी म्हणाला, "सायेब, नांदेडला व्हता अन् एकदा बी आला न्हाईत? कोन्या गाडीनं येता ते सांगा, ष्टँडावर येतो." मी म्हटलं, ग्रुपवर पण तूच सांग. "सांगतो की," म्हणाला. "त्यात काय एवडं?"

त्यात काय एवढं! सात महिने मी ज्याच्यासाठी तोंड लपवलं, साडीच्या दुकानात शिरलो, ते त्याने एका वाक्यात उडवून लावलं. मला हसूही आलं आणि स्वतःची लाजही वाटली.

संध्याकाळी मी स्वतः सत्यमला फोन लावला. एरवी तोच लावतो. उचलला तेव्हा त्याने आधी रजई बाजूला सरकवली, पण उशीर झाला होता.

"ऱ्हाऊ दे अंगावर," मी म्हटलं.

मी घरी सगळ्यांशी बोलतो तसं नीट बोलायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही, गावाकडचंच तोंडात आलं. "सत्या, ती रजई आल्यापासून तिला ऊन दावलं का?"

"बाबा..."

"मकबूल सांगत व्हता. पिशवीतून काडल्यावर दोन-तीन दिस ऊन दावायचं, काठी मारायची. न्हाईतर कापूस मरतो."

"इथं ऊन कुठंय बाबा? तळघर आहे हे. बाहेर नुसता बर्फ."

"मंग घेऊन ये इकडं. इकडं लई ऊन हाय."

तो खाली बघत राहिला. "लोक काय म्हणतील तुम्हाला? ज्ञानोबा काका..."

"ज्ञानोबाला सकाळी सांगितलं. नांदेडला हाय म्हणून. समदं सांगितलं. तो ष्टँडावर येनार हाय मला घ्यायला."

सत्यमने वर पाहिलं. लहान असताना गोदामात हरवला होता, तुरीच्या दोन थप्प्यांच्या मधे जाऊन बसला होता आणि बाहेर निघता येईना. मला सापडला तेव्हा त्याने असंच पाहिलं होतं. तोंड वाकडं झालं त्याचं. मग फोन गचके द्यायला लागला, चित्र अडकलं, नुसता आवाज येत राहिला. नाक ओढल्याचा.

"घर तर मेपर्यंत होस्टेलला दिलंय ना," तो म्हणाला. "राहायचं कुठं?"

मी खोलीकडे पाहिलं. बारदानं गेली होती. थप्पी होती तिथे रिकामी फरशी होती आणि तारामती तिथे पाय पसरून बसली होती.

"जागा झालीय आता," मी म्हटलं. "तू ये."